हर्षलच्या पोटात उतरताना काय दिसेल? गच्चीवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या कोजागिरीला आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या गच्चीवर चंद्र आलाच नाही. म्हणजे उगवला असणार, पण ढगांच्या वर. दूध आटवून झालं होतं, भेळ संपली होती, दुर्बीण मांडलेली होती आणि तीसेक माणसं वर तोंड करून बसली होती. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे बिल्डिंगमधली मुलं मला अजून 'बाई'च म्हणतात. वेळ काढायला मी त्यांना सांगायला घेतलं की आत्ता आपण हर्षल ग्रहामध्ये उडी मारली तर काय काय दिसेल. दूध गार झालं, प्रश्न संपेनात. त्यानंतर लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीवर, सोसायटीच्या ग्रुपवर तेच प्रश्न फिरून फिरून यायला लागले. म्हणून एकदाच लिहून टाकते.

हर्षल म्हणजे युरेनसच ना?

हो. विल्यम हर्शल हा इंग्लंडमधल्या बाथ गावचा संगीतकार. त्याने घरी घडवलेल्या दुर्बिणीतून १३ मार्च १७८१ ला हा ग्रह पाहिला आणि आधी तो धूमकेतूच समजला. आपल्या पंचांगात त्याच्याच नावावरून 'हर्षल' रुजलं. हिंदीत अरुण म्हणतात. मी आजीच्या तोंडून ऐकलेलं हर्षलच वापरते. पत्रिकेतला हर्षल काय करतो हे मात्र मला विचारू नका.

बर्फाळ महाग्रह म्हणतात, मग बर्फावर उतरायचं का?

नाही, आणि हा सगळा घोटाळा नावाने केलेला आहे. ग्रहांच्या शास्त्रात पाणी, अमोनिया आणि मिथेन यांना मिळून 'बर्फ' म्हणायची पद्धत आहे, मग ते कुठल्याही अवस्थेत असोत. हर्षल आणि नेपच्यूनचा बराचसा भाग अशा पदार्थांचा असावा असं मानतात, म्हणून हे नाव. आत ते गोठलेले नाहीत, हजारो अंश तापलेले आणि प्रचंड दाबाखाली चेपलेले आहेत. म्हणजे कुल्फीवाल्याने भट्टी लावावी तसा प्रकार. बाहेरून मात्र खरंच गारठा आहे. जिथे हवेचा दाब पृथ्वीच्या समुद्रसपाटीइतका असतो, तिथे हर्षलवर उणे १९७ अंश सेल्सिअस.

जवळ जाताना तो कसा दिसेल?

खरं सांगू? थोडा निराश करेल. व्हॉयजर २ हे यान २४ जानेवारी १९८६ ला त्याच्या जवळून गेलं. आजवर तिथे गेलेलं हे एकमेव यान. त्याने पाठवलेल्या चित्रांत एक गुळगुळीत, फिक्कट हिरवट-निळा चेंडू दिसतो. गुरूसारखे पट्टे नाहीत, शनीसारखा थाट नाही. कडी आहेत, पण कोळशासारखी काळी आणि बारीक. १० मार्च १९७७ ला हर्षल एका ताऱ्यासमोरून जात असताना ताऱ्याचा उजेड आधी आणि नंतर पुन्हा पुन्हा मिचकला, त्यावरून ती सापडली. त्या रात्री तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेतूनही तो तारा टिपला जात होता. हे आपल्या पाठ्यपुस्तकात असायला हवं असं मला फार वाटतं.

रंगाबद्दल एक दुरुस्ती. नेपच्यून गडद निळा आणि हर्षल फिकट, असं आपण चित्रांत पाहत आलो. नेपच्यूनच्या जुन्या चित्रांत बारकावे दिसावेत म्हणून रंग गडद केलेले होते. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी ते रंग पुन्हा मोजून लावले, तेव्हा दोघेही जवळपास सारखेच हिरवट-निळे निघाले. नेपच्यून किंचित जास्त निळा, एवढंच. दोघांच्याही वातावरणातला मिथेन वायू लाल प्रकाश गिळतो, त्यामुळे हा रंग.

तिथे ऊन असतं का? की सगळा काळोख?

हा प्रश्न चौथ्या मजल्यावरच्या आजींचा. त्यांना वाटलं होतं की एवढ्या लांब काळोखच असणार. हर्षल सूर्यापासून पृथ्वीच्या एकोणीसपट लांब, म्हणून ऊन आपल्याकडच्या साधारण ३७० व्या भागाइतकं. ऐकायला अगदी थोडं वाटतं, पण आपल्या दुपारचं ऊन मुळात भलतंच प्रखर असतं. त्याचा ३७० वा भाग म्हणजे रात्री हॉलमध्ये ट्यूबलाइट लावल्यावर असतो साधारण तेवढा उजेड. पेपर वाचता येईल. पौर्णिमेच्या चांदण्याच्या हजारपट. गंमत अशी की हा सगळा उजेड एका ठिपक्यातून येईल. सूर्याची थाळी डोळ्याला जेमतेम थाळी म्हणून कळेल, नाहीतर नुसती टोचणारी टाचणी.

रात्रीच्या बाजूला उतरलो तर?

हे विचारणारा अर्णव सातवीत आहे आणि मला यातलं सगळ्यात आवडलेलं हेच. हर्षल आडवा झोपून फिरतो, त्याचा अक्ष ९८ अंश कललेला. एक फेरी ८४ वर्षांची. त्यामुळे ध्रुवावर सलग बेचाळीस वर्षं दिवस आणि मग बेचाळीस वर्षं रात्र. चुकीच्या ध्रुवावर चुकीच्या काळात उतरलास तर पहाट व्हायला तुला निवृत्त व्हावं लागेल. विषुववृत्ताजवळ, ध्रुवाचा रोख सूर्याकडे नसण्याच्या वर्षांत गेलास तर सोय आहे. तिथे सुमारे सव्वासतरा तासांत दिवस-रात्र उरकतात.

आत शिरताना काय होतं? यान जळणार नाही?

जळतं, आणि तेच अपेक्षित असतं. ताशी-बिशीचं सोडा, इथे सेकंदाची भाषा आहे. हर्षलच्या ओढीने यान सेकंदाला बावीसेक किलोमीटरने आत येईल. या वेगाने ठाण्याहून पुणं सहा-सात सेकंदांत. पुढची हवा दबून तापते, यानाभोवती लखलखतं कवच तयार होतं आणि उष्णतारोधक ढाल स्वतः जळत जळत आतल्या यंत्रांना वाचवते.

याचा अनुभव माणसाकडे आहे, पण गुरूचा. ७ डिसेंबर १९९५ ला गॅलिलिओ यानाने सोडलेली कुपी, म्हणजे यंत्रं भरलेली छोटी डबी, सेकंदाला ४७ किलोमीटरने गुरूत घुसली. आत यंत्रांवर पृथ्वीच्या गुरुत्वाच्या दोनशेपटीहून जास्त भार आला, ढालीचा निम्म्याहून जास्त भाग उडाला. मग हवाई छत्री उघडली आणि सुमारे तासभर ती कुपी बोलत राहिली. दाब पृथ्वीवरच्या हवेच्या वीसपटीच्या वर आणि तापमान दीडशे अंशांच्या आसपास गेल्यावर गप्प झाली. माणूस आत असता तर दोनशेपट भारातच संपला असता. त्यामुळे इथून पुढे आपण उतरतो असं म्हटलं, तरी उतरतोय तो आपला डोळा असं समजा.

छत्री उघडली. आता खिडकीतून काय?

इथेच सगळी मजा आहे, म्हणून जरा सावकाश.

वर आधी विरळ धुरकट थर लागतात. सूर्याच्या अतिनील किरणांनी मिथेन मोडतो आणि त्यातून ॲसिटिलीनसारखे पदार्थ तयार होऊन बारीक कणांचं धुकं बसतं. डोक्यावर फिक्कट निळसर-पांढुरकं आकाश असेल, मध्ये ती सूर्याची टाचणी आणि तिच्याभोवती धुक्यामुळे उजेडाचं वलय. खाली कसलाही तळ नाही, नुसती पांढरट दुलई. क्षितिज दिसतं पण धूसर, शिवाय पृथ्वीपेक्षा चौपट रुंद गोलाचं, म्हणून सपाट.

पृथ्वीच्या समुद्रसपाटीइतका दाब झाला की थोड्याच खाली मिथेनचे ढग येतात. आपल्याकडे पाइपने घरी येणाऱ्या गॅसमध्ये बहुतांशी हाच मिथेन असतो. तिथे तो इतका गारठलेला असतो की त्याचे स्फटिक होतात, आपल्या उंच आकाशातल्या पिसांसारख्या ढगांत बर्फाचे होतात तसे. ढग जाड नसावेत. काही मिनिटं पांढरं, मग पुन्हा मोकळं, पण उजेड बदललेला: जास्त हिरवट, जास्त पाणेरी. पोहायला शिकताना तलावात बुडी मारून डोळे उघडले होते का? साधारण तसा. पाण्यातही लाल रंगच आधी जातो.

दाब तीन-चारपट झाल्यावर त्याहून जाड ढगांचा थर असावा, आणि त्यात बहुतेक हायड्रोजन सल्फाइडचे कण. तो पार होताना सूर्य टाचणीही राहत नाही, वरच्या अंगाला फक्त उजळ डाग उरतो. मग तोही जातो. दाब दहापट होईपर्यंत आपण शंभरेक किलोमीटर खाली आलेलो असतो आणि उजेड पावसाळ्यात लाइट गेलेल्या जिन्याइतका. दिसण्याचा भाग एवढाच. पहिला तासभर. त्यानंतर हर्षल ही बघायची नव्हे, मोजायची गोष्ट होते.

वास कसला येईल?

सडक्या अंड्याचा. २०१८ मध्ये हवाईतल्या जेमिनी दुर्बिणीने हर्षलच्या ढगांच्या वर हायड्रोजन सल्फाइड ओळखला. तळोजा किंवा खाडीच्या बाजूने प्रवास केलेल्यांना कल्पना येईल, पुढे काही बोलत नाही. अर्थात उणे दोनशे अंशांत नाक आधी जाईल, वास नंतर.

मिथेन आणि हायड्रोजन, म्हणजे काडी ओढली तर स्फोट?

काडी पेटणारच नाही. जळायला प्राणवायू लागतो आणि तिथे तो मोकळा नाहीच. उलटं मात्र होऊ शकतं. तुमच्या ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि ठिणगी पडली, तर त्या हायड्रोजनमध्ये तुमचा ऑक्सिजन जळेल. आपल्या घरी गॅस गळतो आणि हवा त्याला जाळते, तिथे हवाच गॅसची आणि गळती हवेची. हे सांगितल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी बराच वेळ गप्प होते.

एवढा वारा म्हणतात, मग आपण भिरकावले जाणार नाही का?

हर्षलवर वारे ताशी ९०० किलोमीटरपर्यंत, नेपच्यूनवर २००० च्या वर. पण छत्रीला लटकलेला माणूस वाऱ्याबरोबरच वाहत असतो. ठाणे फास्टमध्ये आपण उभे असतो तेव्हा गाडीचा वेग जाणवतो का? जाणवतो तो हिसका. तसंच इथे वेग नव्हे, वेगातला बदल छळेल: एका थरातून दुसऱ्यात जाताना. बाकी वेळ शांतता, आणि बाजूने ढग सरकताना दिसले तरच कळणार की आपण पळतोय.

खाली गेलं की अजून थंडी ना?

उलट. सायकलच्या पंपाला बोट लावून दाबलंत की तो गरम होतो, तोच नियम. खाली हवा चेपलेली, म्हणून तापलेली. साधारण ३०० किलोमीटर खाली, दाब शंभरपट असतो तिथे, तापमान चाळिसाच्या पुढे गेलेलं असतं. म्हणजे ठाण्याचा मे महिना. दाब मात्र समुद्रात एक किलोमीटर खोल असतो तेवढा. त्याच पट्ट्याच्या आसपास कुठेतरी पाण्याचे ढग असावेत, आपल्या ओळखीच्या पाण्याचे. काळ्याकुट्ट अंधारात, हायड्रोजनच्या हवेत, उकाड्यात पाऊस. तिथे विजा असाव्यात, कारण व्हॉयजर २ ला हर्षलवरून विजांसारख्या रेडिओ खरखरी ऐकू आल्या होत्या. अंधारात तेवढंच काय ते दिसेल.

मग जमीन कधी लागते?

हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. उत्तर एका शब्दात: नाही. एक शब्द पुरत नाही, म्हणून पुढचं.

पावसाळ्यात माळशेजला गेला असाल. टोकावड्यापर्यंत स्वच्छ असतं, मग काचेवर ओल, मग झाडं पुसट, मग गाडीचं बॉनेटही दिसत नाही. धुकं नेमकं कुठे सुरू झालं ते सांगता येतं का? हर्षलमध्ये शेवटपर्यंत तसंच आहे. हायड्रोजन ठरावीक तापमानाच्या वर, म्हणजे उणे २४० अंशांच्या वर असला की कितीही दाबला तरी त्यात 'इथे वायू संपला, इथे द्रव सुरू' अशी रेघ पडत नाही. तो नुसता दाट होत जातो. हर्षलच्या ढगांखाली तो या तापमानाच्या कितीतरी वर आहे. म्हणून समुद्राचा पृष्ठभाग नाही, लाट नाही, 'छपाक' नाही. आपण हवेत पडत असतो, मग जड हवेत, मग कशात ते सांगता येत नाही अशा कशात. एका क्षणी आपण भोवतालपेक्षा हलके ठरतो आणि खाली जाणंच थांबतं. तरंगत राहतो. जे काही उरलं असेल ते.

आमच्या इथे एका काकांना हे अजिबात पटलं नाही. "बाई, काहीतरी तळ असणारच की हो." मध्यभागी खडकाचा गाभा असेलही, पण तोही आतल्या पदार्थांत थोडाफार विरघळलेला असू शकतो. केंद्रापाशी तापमान ५००० अंशांच्या घरात आणि दाब पृथ्वीच्या हवेच्या काही दशलक्षपट. तिथे 'तळ' या शब्दाला काही अर्थ राहत नाही. काका अजून नाराज आहेत.

हिऱ्यांचा पाऊस खरा आहे का?

शक्यता आहे, पाहिलेला नाही. मिथेनमध्ये कार्बन असतो. खोल दाबाखाली हायड्रोजन सुटून कार्बनचे हिरे व्हावेत आणि ते जड म्हणून खाली बुडावेत, अशी कल्पना. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्लॅक प्रयोगशाळेत पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकवर प्रखर लेझर मारून तसा दाब क्षणभर निर्माण केला, तेव्हा खरंच सूक्ष्म हिरे तयार झाले. २०२२ मध्ये पाण्याच्या बाटल्या करतात त्या पेट प्लॅस्टिकवर तोच प्रयोग झाला आणि प्राणवायूच्या उपस्थितीत हिरे आणखी सहज बनतात असं दिसलं. हे हिरे डोळ्यांनाही न दिसणारे. ग्रहाच्या पोटात त्यांना वाढायला भरपूर वेळ मिळतो, त्यामुळे तिथे ते मोठे होत असतील.

पण तुम्ही तिथे असता तर चमचम दिसली असती का? नाही. तिथलं सगळं इतकं तापलेलं असतं की स्वतःच चकाकतं, आणि इतकं दाट की नाकापुढचं दिसत नाही. म्हणजे काळोखातून पुढे गेल्यावर परत उजेड येतो, पण त्यात बघण्यासारखं काही नाही: लोहाराच्या भट्टीत डोकं घातल्यासारखं.

आणि तो काळा बर्फ?

हा हिऱ्यांपेक्षा मला जास्त आवडतो, पण कुणी विचारत नाही, म्हणून मीच विचारते. पाण्याला पृथ्वीच्या हवेच्या लाखोपट दाब आणि काही हजार अंशांची उष्णता एकदम दिली, तर प्राणवायूचे अणू स्फटिकासारखे जागच्या जागी बसतात आणि हायड्रोजन त्यांच्यामधून द्रवासारखा वाहत राहतो. अर्धा घन, अर्धा प्रवाही. २०१८ आणि २०१९ मध्ये अमेरिकेत लेझरच्या प्रयोगांतून याचे पुरावे मिळाले. हा बर्फ पारदर्शक नाही, काळा आहे आणि वीज वाहून नेतो. हर्षलचं चुंबकीय क्षेत्र त्याच्या अक्षाशी ५९ अंश तिरकं आणि केंद्रापासून सरकलेलं आहे. होकायंत्राला तिथे वेड लागायची पाळी. या विचित्रपणाचा संबंध आतल्या अशा वीजवाहक थरांशी असावा असं मानतात.

नेपच्यूनमध्ये उतरलो तर जास्त बरं?

दृश्य बघायला, हो. ऊन आणखी कमी, आपल्या ९०० व्या भागाइतकं, पण १९८९ च्या ऑगस्टमध्ये व्हॉयजरने तिथे पांढऱ्या ढगांच्या लांब पट्ट्या पाहिल्या आणि त्यांच्या सावल्या खालच्या थरावर पडलेल्या दिसल्या. ढगाची सावली ढगावर! हर्षलच्या त्या कोऱ्या चेंडूपुढे हे म्हणजे पर्वणी. शिवाय नेपच्यून सूर्याकडून जेवढी उष्णता घेतो त्याच्या अडीचपटीहून जास्त बाहेर टाकतो, म्हणून हवामान जोरात. हर्षल बाहेर टाकतो ती घेतलेल्यापेक्षा थोडीशीच जास्त. त्या वेळी दिसलेलं नेपच्यूनवरचं मोठं गडद वादळ १९९४ मध्ये हबल दुर्बिणीने पाहिलं तेव्हा गायब होतं.

वजन किती भरेल?

इथे साठ किलो दाखवणारा काटा हर्षलच्या ढगांपाशी त्रेपन्न-चोपन्न दाखवेल, नेपच्यूनवर अडुसष्ट. डाएटवाल्यांनी काय ते ठरवावं.

खरंच कधी कोण जाणार?

२०२२ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांच्या दहा वर्षांच्या आराखड्यात हर्षलभोवती फिरणारं यान आणि आत सोडायची कुपी ही मोठ्या मोहिमांमधली पहिली शिफारस होती. प्रवासालाच बारा वर्षांच्या पुढे. कुपी दाब दहापट होईपर्यंत मापं घेईल असा बेत आहे, म्हणजे वर सांगितलेला तो उजेडाचा तासच. तिचा 'पोचले' हा निरोपही पृथ्वीवर यायला पावणेतीन तासांच्या आसपास लागतील.

शिवाय एका कुपीने एकच जागा कळते. गुरूतली कुपी नेमकी कोरड्या जागी पडली आणि अपेक्षित ढग तिला जवळपास मिळालेच नाहीत. घोडबंदरला धो धो आणि नौपाड्यात ऊन, असं आपल्याकडे जूनमध्ये रोज होतं. कुणी नौपाड्यात उतरून ठाण्यात पाऊस पडत नाही असं लिहिलं तर?

ठाण्यातून हर्षल दिसेल का?

नुसत्या डोळ्यांनी नाही. वांगणी किंवा माळशेजच्या अंधारात तीक्ष्ण नजरेच्या माणसाला तो अगदी पुसट ठिपका म्हणून सापडतो. आपल्या गच्चीवरून बायनॉक्युलर हवा. सध्या तो वृषभ राशीत, कृत्तिकांच्या आसपास आहे, त्यामुळे कार्तिकातल्या संध्याकाळी पूर्वेला कृत्तिका वर आल्या की तिथून शोधायला सुरुवात करा. नकाशा मोबाइलवर काढून ठेवा, कारण तो बाकीच्या ताऱ्यांसारखाच ठिपका दिसतो. चांगल्या दुर्बिणीत शंभरपट मोठा केला की मग हिरवट गोटी. हात थरथरतो, म्हणून कोपर पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर टेकवा. लिफ्टच्या खोलीवरचा दिवा बंद करायला वॉचमनकाकांना आधी सांगून ठेवा, आणि पुढच्या कोजागिरीला भेळ कमी, चटया जास्त आणा.